निनावी टपाल आणि नावांची यादी



३० ऑगस्ट १९९६ रोजी हेलसिंकीत योहान हेलसिंगियस या माणसानं आपली ईमेल सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिचं नाव अनॉन डॉट पेनेट डॉट एफआय. जगभरातली पाच लाखांहून जास्त माणसं ती वापरत होती आणि रोज हजारो पत्रं तिच्यातून जात होती. त्यामागे मोठी कंपनी नव्हती. एका माणसानं चालवलेली ती सेवा होती. आज मी तिच्यापासून सुरुवात करतो आहे, कारण निनावी ईमेलला आळा घालण्यासाठी भारतात आज जी पावलं उचलली जात आहेत, त्यातल्या काहींची किंमत तिथं आधीच मोजून झालेली आहे.

ज्यांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते ते हाडाचे वकील होते. अशिलानं चार भिंतींत सांगितलेलं चार भिंतींतच राहिलं पाहिजे, यावर त्यांची निष्ठा होती आणि पुरावा दडवू पाहणाऱ्या अशिलाला ते दारातही उभं करत नसत. इथल्या जुन्या मंडळींनी या दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहिल्या आहेत. माझ्या विषयालाही या दोन्ही गोष्टी लागतात.

हेलसिंगियसची सेवा चालायची कशी, ते आधी सांगतो. तुम्ही त्याच्या यंत्राकडे पत्र पाठवायचं. यंत्र त्यावरचं तुमचं नाव आणि पत्ता पुसून टाकी, त्या जागी एक क्रमांक घाली आणि पत्र पुढे पाठवी. वाचणाऱ्यानं त्या क्रमांकाला उत्तर लिहिलं की यंत्र आपल्या यादीत बघून ते तुमच्या खऱ्या पत्त्यावर आणून टाकी. म्हणजे यादी आली. एका बाजूला क्रमांक, दुसऱ्या बाजूला खरा पत्ता. यादी नसेल तर उत्तर परत यायला वाट नाही. आणि पुढचं सगळं रामायण या यादीपायीच घडलं.

ही सेवा सुरू झाली त्या वेळी फिनलंडमध्ये वाद पेटला होता की नेटवर्कवर प्रत्येकानं खऱ्या नावानंच लिहावं. हेलसिंगियसला ते पटलं नाही. शेजारच्या सोव्हिएत संघात टाइपरायटर किंवा कॉपी काढायचं यंत्र बाळगायचं तर त्याची नोंद करावी लागे, याची आठवण तो मुलाखतीत करून देत असे. त्याची सेवा कोण वापरत होतं? लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेली माणसं, जी एकमेकांना धीर देण्यासाठी लिहीत होती. आत्महत्येच्या विचारानं ग्रासलेल्यांचं ऐकून घेणारी ब्रिटनमधली ‘समॅरिटन्स’ ही संस्था, जिचा एक पत्ता या सेवेवर होता. आणि अर्थातच शिवीगाळ करणारे, खोडसाळ, दुसऱ्याचं साहित्य चोरून प्रसिद्ध करणारेही.

या वाईट वापराला हेलसिंगियसनं आळा घातला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. तक्रार आली की तो क्रमांक बंद करायचा. एका पत्राचा आकार त्यानं १६ किलोबाइटवर बांधून टाकला होता. तेवढ्यात मजकूर मावतो, छायाचित्र जवळजवळ मावत नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रानं त्याच्यावर बालकांच्या अश्लील चित्रांच्या प्रसाराचा ठपका ठेवला, तेव्हा फिनिश पोलिसांनीच त्यात तथ्य नसल्याचं सांगितलं. या १६ किलोबाइटकडे नीट पाहा. त्या एका बंधनासाठी कुणाचंही नाव विचारावं लागलं नाही. कुणाच्या ओळखीला धक्का न लावता गुन्ह्याचा एक अख्खा प्रकार दाराबाहेर राहिला.

सेवा बुडाली ती यादीमुळे. फेब्रुवारी १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या तक्रारीवरून फिनिश पोलीस त्याच्या दारात झडतीचा आदेश घेऊन आले. संस्थेची अंतर्गत कागदपत्रं या सेवेतून बाहेर फुटली, असा आरोप होता. यंत्र उचलून नेलं असतं तर लाखो माणसांची नावं एका रात्रीत उघडी पडली असती. ते टाळण्यासाठी त्यानं वाटाघाट करून एकाच व्यक्तीचा पत्ता दिला. पुढच्या वर्षी हेलसिंकीच्या न्यायालयानं आणखी पत्ता उघड करण्याचा आदेश दिला, आणि दिलेला शब्द आपण यापुढे पाळू शकणार नाही हे ओळखून त्यानं कुलूप लावलं. हा माणूस भला होता, त्यानं यादी कधी विकली नाही, कुणाला चोरून दाखवली नाही. तरी ती मागितली गेली. मागणारा एक होता, धोका पाच लाखांना होता. माझं आजचं सगळं म्हणणं यात आलं: यादी तयार केली की ती कुणीतरी मागणारच, म्हणून निनावी टपालाचा बंदोबस्त यादीविना करायला शिकलं पाहिजे.

आणि तो करता येतो. यादीशिवाय टपाल कसं चालवायचं, हे डेव्हिड चॉम या अमेरिकी संशोधकानं फेब्रुवारी १९८१ मध्येच लिहून ठेवलं होतं. लिफाफ्यात लिफाफा, त्यात आणखी एक लिफाफा. पहिला टपालवाला बाहेरचा लिफाफा फोडतो, त्याला फक्त दुसऱ्या टपालवाल्याचा पत्ता दिसतो. दुसरा त्याचा लिफाफा फोडतो, त्याला पत्र कुठून निघालं ते कळत नाही. शिवाय प्रत्येक जण बरीच पत्रं साठवून, पिसून, मग पाठवतो, म्हणजे आत आलेलं आणि बाहेर गेलेलं यांची जोडी लावता येत नाही. नव्वदच्या दशकात या कल्पनेवर ‘मिक्समास्टर’ नावाचे रिमेलर, म्हणजे पत्र निनावी करून पुढे पाठवणारी यंत्रं, उभे राहिले. तिथं पोलीस आले तरी देण्याजोगं काही नसतं, कारण काही ठेवलेलंच नसतं.

मग आपल्या मनात लगेच प्रश्न येतो, की गुन्हेगाराला रान मोकळं झालं, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन मी पुढे जाणार नाही.

२०१२ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाला बॉम्ब ठेवल्याच्या शंभराहून अधिक धमक्या आल्या. वर्गच नव्हे, रात्री-अपरात्री वसतिगृहंही रिकामी करावी लागत. ऐन परीक्षांच्या तोंडावर मुलं अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर उभी राहत. बऱ्याच धमक्या मिक्समास्टरमधून येत होत्या. १८ एप्रिलला एफबीआयनं न्यूयॉर्कमधून असा रिमेलर चालवणारा एक सर्व्हर उचलून नेला. त्यावर धमक्यांचा मागमूस नव्हता, पण कार्यकर्त्यांची, संस्थांची ३००हून अधिक ईमेल खाती त्याच सर्व्हरवर होती. ती ठप्प झाली. धमक्या मात्र चालूच राहिल्या. काही दिवसांनी सर्व्हर गुपचूप परत आणून ठेवण्यात आला. धमक्या थांबल्या त्या वेगळ्याच कारणानं. विद्यापीठानं माहिती देणाऱ्याला ५०,००० डॉलरचं इनाम लावलं होतं. ते मागे घ्या, आम्ही थांबतो, असं धमकी देणाऱ्यांनी कळवलं. विद्यापीठानं ते मागे घेतलं आणि पत्रं बंद झाली. पुढे ऑगस्टमध्ये आयर्लंडमध्ये राहणाऱ्या एका इसमावर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झालं.

हार्वर्ड विद्यापीठाची गोष्ट पुढच्याच वर्षीची. १६ डिसेंबर २०१३, परीक्षेचा दिवस. एका विद्यार्थ्यानं पेपर टाळायला चार इमारतींत बॉम्ब असल्याची ईमेल पाठवली. ओळख लपवणारं ‘टॉर’ हे जाळं वापरलं, वर घटकाभर टिकणाऱ्या पत्त्याची ‘गेरिला मेल’ सेवा वापरली. म्हणजे निनावीपणाचे दोन थर. तरी तो लगेच सापडला, कारण टॉरला जोडणी त्यानं विद्यापीठाच्याच वाय-फायवरून घेतली होती, आणि त्या सकाळी त्या नेटवर्कवरून टॉर वापरणारे मोजकेच होते. पोलीस त्याच्यापर्यंत पोचले, प्रश्न विचारले, त्यानं कबूल केलं. टॉर फोडावं लागलं नाही, जगातल्या सगळ्या टॉर वापरणाऱ्यांची यादी करावी लागली नाही. धमकी देणारा माणूस कुठे ना कुठे चुकतो: हेतू बोलून जातो, ओळखीचं यंत्र वापरतो, घाई करतो. तपास म्हणतात तो या चुका शोधण्यालाच.

आता नावांची यादी हाती असली तर गुन्हेगार सापडतो का, ते पाहू. हे उदाहरण आपल्या घरचं आहे. २६ जुलै २००८. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेली. पोलिसांनी आयपी पत्ता काढला, सेवा देणाऱ्या कंपनीकडून ग्राहकाचं नाव काढलं आणि ते नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेत पोचले. नाव बरोबर होतं, पत्ता बरोबर होता, माणूस मात्र चुकीचा होता. तिथं राहणाऱ्या परदेशी नागरिकाचं वाय-फाय कुणीतरी बाहेरून वापरलं होतं. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं वाय-फाय याच कामी आलं. त्यानंतर २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस रस्त्यांवर फिरून उघडी वाय-फाय शोधू लागले, आणि ते काम मला पटतं. दार उघडं टाकलेल्या माणसाला कडी घालायला सांगणं वेगळं आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवायला लावणं वेगळं.

आपण मात्र नोंदीच्या वाटेनं निघालो आहोत. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी संस्थेनं आदेश काढला, की ओळख झाकणारी व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, संपर्क, वापराचं कारण अशा नोंदी पाच वर्षं जपाव्यात. परिणाम काय झाला? एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हलवले. ज्याला लपायचं होतं तो परदेशी सर्व्हरवरून लपत राहिला. नोंद उरली ती इथेच सरळपणे काम करणाऱ्यांची.

बंदीचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईतल्या किमान १३ शाळांना धमक्यांच्या ईमेल आल्या, त्या प्रोटॉन मेल या ईमेल सेवेवरून, आणि ती सेवा बंद करण्याचा प्रस्ताव आला. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली प्रोटॉन मेल बंद करण्याची कार्यवाही करण्याचे निर्देश केंद्राला दिले. ते प्रकरण एका कंपनीतल्या महिला कर्मचाऱ्यांना आलेल्या अश्लील मजकुराचं, बनावट चित्रांचं होतं. त्या स्त्रियांचा संताप मला पूर्ण समजतो. पण बंदीनं काय साधतं, ते यंत्राच्या अंगानं पाहा. भारतातून त्या संकेतस्थळावर जाता येणार नाही, एवढंच. परदेशात बसलेल्यानं तिथून पाठवलेलं पत्र तुमच्या खात्यात तरीही येऊन पडेल. ही सेवा वापरणारा पत्रकार, डॉक्टर, वकील मात्र बाहेर पडेल.

मग त्यांच्यातल्या एखाद्या स्त्रीला मी काय देतो? पहिलं म्हणजे, तिच्या एका शब्दावर त्या सेवेतून तिच्या पत्त्यावर एकही पत्र जाता कामा नये, नव्या नावानं उघडलेल्या खात्यातूनही नाही. ही काही नवी कल्पना नाही. जुने रिमेलर चालवणारे स्वयंसेवक अशी ‘इथं पाठवू नका’ यादी बाळगत. ही एक यादी मला मान्य आहे, कारण ती घेणाऱ्याच्या इच्छेनं होते. दुसरं, तक्रारीच्या पत्त्यावर खरा माणूस हवा. प्रत्येक सेवेचा ‘अब्यूज’ नावाचा तक्रारपत्ता असावा, असं इंटरनेटच्या मानकात १९९७ पासून लिहिलेलं आहे. अनेक ठिकाणी त्या पत्त्यावर पाठवलेलं कुणी वाचतच नाही. तिसरं, न्यायालयाच्या आदेशानं, त्या एका खात्यापुरती, आदेश आल्यापासून पुढची नोंद. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या कायद्याखाली प्रोटॉनला असा बंधनकारक आदेश आला आणि एका फ्रेंच आंदोलकाचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. आंदोलकाविरुद्ध तो वापरला गेला, हे मला सलतं. पण पद्धत म्हणून ती सगळ्यांची पाच वर्षं वही लिहिण्यापेक्षा फार बरी आहे, कारण तीत एकाचीच चौकशी होते आणि कोण मागतंय हे कागदावर राहतं. एवढं करूनही काही वेळा गुन्हेगार सापडणार नाही. त्या स्त्रीला खोटं आश्वासन द्यायची माझी तयारी नाही.

घाऊक उपद्रवासाठी आणखी एक वाट आहे. ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये ‘हॅशकॅश’ सुचवलं. पत्र पाठवण्याआधी पाठवणाऱ्याच्या संगणकानं एक कोडं सोडवायचं. साधारण मोजमापात त्याला सरासरी १० लाखांवर प्रयत्न लागतात, पण उत्तर बरोबर आहे का हे घेणाऱ्याला एका झटक्यात तपासता येतं. एक पत्र लिहिणाऱ्याला हे जाणवतही नाही, लाख पत्रं सोडणाऱ्याचं यंत्र घामाघूम होतं. यातली उणीवही सांगतो. २००४ मध्ये बेन लॉरी आणि रिचर्ड क्लेटन या संशोधकांनी दाखवून दिलं, की दुसऱ्यांचे हजारो संगणक बळकावलेल्याला हा खर्च परवडतो. म्हणून आज जास्त भरवसा टोकनवर आहे. त्याचं गणित पुन्हा चॉम यांचंच, १९८२ सालचं: सेवा तुमच्या टोकनवर त्यातला क्रमांक न पाहता सही करते. नंतर ते टोकन दाखवलं की हे आपणच दिलेलं आहे एवढं तिला कळतं, कुणाला दिलं ते कळत नाही. दिवसाला पाच टोकन दिली की पाचच पत्रं जातील. जून २०२४ मध्ये ‘प्रायव्हसी पास’ या नावानं याचं इंटरनेट मानकही आलं. नाव न विचारता संख्येला लगाम घालता येतो, हे आता प्रयोगशाळेतलं स्वप्न राहिलेलं नाही.

आपल्याकडे या चर्चेत एक गोष्ट नेहमी सुटते. निनावी पत्र आलं तर घेणाऱ्यानं काय करायचं? १ मे २०२४ ला दिल्ली आणि परिसरातल्या शंभराहून अधिक शाळांना एकाच सकाळी धमकीची ईमेल आली. ती पोकळ निघाली. असं पत्र आलं की बहुतेक शाळांत काय होतं, ते मी पाहिलं आहे. लिपिक घाबरून पडद्याचा फोटो काढतो, तो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जातो, पोलिसांनाही तोच फोटो मिळतो. तपासाच्या दृष्टीनं त्या फोटोची किंमत शून्य आहे. ईमेलच्या पोटात ‘रिसीव्ह्ड’ नावाच्या ओळी असतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवत जातो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरनं लिहिलेली ओळ खरी धरायची, तिच्या खालच्या ओळी पाठवणाऱ्यानं रचलेल्या असू शकतात. पत्र नुसतं फॉरवर्ड केलं तरी या ओळी हरवतात. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून मूळ पत्र जसंच्या तसं उतरवून पोलिसांना दिलं, तर त्यांच्या हाती पहिल्या तासातच काहीतरी लागतं. राज्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला हे माहीत असलं पाहिजे.

धमकीबद्दल कायदा तोकडा आहे, असंही नाही. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ५०७ निनावी धमकीसाठी दोन वर्षांपर्यंतची जादा शिक्षा सांगत होतं. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ३५१(४) म्हणून आहे. त्या कलमानं निनावी लिहिणं हा गुन्हा ठरवलेला नाही. नाव लपवून धमकावणं हा गुन्हा आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी केलेला हा भेद आज पुसला जातो आहे.

तो पुसला तर कोण मरतं, हे आपल्याला ठाऊक आहे. १८४८ ते १८५० या काळात कंपनी सरकारच्या नोकरीत असलेले गोपाळ हरी देशमुख ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावानं शतपत्रं लिहू शकले. सत्येंद्र दुबे यांना ते भाग्य मिळालं नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या या तरुण अभियंत्यानं सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहिलं, नावासकट. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. आपल्या तळेगाव दाभाड्यात जमीन व्यवहारांचा पाठपुरावा करणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला बाहेर पडले होते, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. ते उघड नावानं लढत होते. दुबे यांनी विश्वासानं नाव दिलं. ज्यांना हे दोन्ही परवडत नाही, अशा माणसासाठी तिसरी वाट उघडी असलीच पाहिजे.

दुबे यांच्यानंतर २००४ मध्ये केंद्रानं जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा ठराव केला, आणि २०१४ मध्ये त्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्या कायद्यातही तक्रारदारानं आपली ओळख दिलीच पाहिजे, नाहीतर कार्यवाही नाही, अशी तरतूद आहे. आणि मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळूनही तो अंमलात आणण्याची अधिसूचना वर्षानुवर्षं काढली गेली नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. तो निर्णय आणि ही दिरंगाई एकाच देशातली आहे.

या सभागृहात वकील बरेच आहेत. त्यांना माझी विनंती, की एखादी सेवा बंद करा किंवा सगळ्यांच्या नोंदी ठेवा अशी मागणी घेऊन कुणी तुमच्याकडे आलं, तर आधी एका खात्यापुरता आदेश मागा. शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांनी येत्या महिन्यात आपल्या लिपिकांना मूळ ईमेल जपून ठेवायला शिकवावं. आणि आपले खासदार मतदारसंघात येतील तेव्हा त्यांना सगळ्यांसमोर विचारा, की २०१४ चा कायदा त्यातली ओळखीची अट काढून अंमलात आणण्यासाठी तुम्ही सभागृहात कधी बोलणार आहात. उत्तर लेखी मागा.